बाबांचा बिनमिठाचा सॉस

लग्नाला दोन महिने झाले होते. नव्या सुनेनं घरात काय काय वाचावं याचे काही नियम असतील, तर ते मला कुणी सांगितले नव्हते. म्हणून मी सॉसच्या बाटलीमागचं लेबल वाचलं.

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, किडन्या अलीकडे कामचुकारपणा करू लागल्या होत्या. "महिन्याभरात रिपोर्ट सुधारला नाही, तर डायलिसिसचं बघावं लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंनी लगेच स्वयंपाकातलं मीठ निम्म्यावर आणलं. बाबांनी हूं की चूं केलं नाही. उकडलेल्या भाजीवर, भातावर (एकदा सफरचंदावरसुद्धा) सॉस ओतून ते मुकाट जेवत. पातेल्यातून गेलेलं मीठ बाटलीतून सुखरूप परत येत होतं.

"तू सांग ना बाबांना," मी नवऱ्याला म्हटलं.

"मी? त्यांना?" पेपरामागून आवाज आला.

"तुझे वडील आहेत."

"म्हणूनच."

उघडपणे कुणाचा सॉस बंद करण्याइतकी माझी या घरात वट नव्हती. मग मी बाटलीतला सॉस बेसिनमध्ये ओतला. लाल ढोबळी मिरची भाजून, लसूण, मिरपूड आणि व्हिनेगर घालून वाटली आणि त्याच बाटलीत भरली. मिठाचा कण नाही. चाखून पाहिलं. चव आरोग्यदायी होती.

त्या रात्री बाबांनी पहिला घास घेतला, बाटलीकडे एकदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मी ती पसंती समजले.

दुपारी मी ऑफिसात असे. रात्री बाबा सॉस घेत नसत; दुपारीच भरपूर ओतून घेत असणार, असं मी धरून चालले. संध्याकाळी येऊन पाहावं, तर बाटली खाली गेलेली. चार दिवसांत रिकामी! मी गुपचूप पुन्हा भरायची. महिनाभर माझ्या हाताला लसणाचा वास होता आणि मनात अभिमान. (घरातले पितळी नळ त्याच काळात फार चकचकीत दिसू लागले होते. सासूबाईंचा उरक दांडगा, एवढंच मला वाटलं.)

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर खूश. "काय केलंत काय, आजोबा?"

मी घसा साफ केला. पण बाबा आधी बोलले.

"सॉस सोडला. कंपनीनं पार वाट लावली हो त्याची. एक घास खाल्ला, पुन्हा हात लावला नाही."

"मग बाटली संपते कशी?" हे मी भर दवाखान्यात, जरा मोठ्यानेच विचारलं.

"अगं, मी नळ घासते त्यानं," सासूबाई म्हणाल्या. "काय लख्ख निघतात! मला वाटलं, तूच त्यासाठी आणून ठेवतेस."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तो सॉस मी घरी करते," मी सांगून टाकलं.

डॉक्टर खाली बघून काहीतरी लिहू लागले. "तरीच!" बाबा म्हणाले.

सासूबाईंनी मात्र मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हुशार आहे हो माझी सून. पुढच्या वेळी व्हिनेगर थोडं वाढव. न्हाणीघरातल्या नळाचे डाग अजून जात नाहीत."