भाऊजींच्या टायरचं पोस्टमार्टम

माझ्या बाच्या सायकलच्या मागच्या चाकात ट्यूब नव्हती. परवडतच नव्हती, म्हणून बानं टायरमध्ये फाटक्या जाळ्याच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या. मागं मासोळीची टोपली बांधून तो त्या सायकलनं ब्रह्मपुरीच्या बाजारात जायचा. उन्हाळ्यात तलाव आटला की मासोळी बंद, बाजार बंद. मग आई तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची आणि आम्ही भावंडं आंबिलीवर दिवस काढायचो. अशा घरातून मी बी.ए. झालो. हे मी अभिमानानं सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. तिला पाहायला गुलाब भाऊजी आले, तेव्हा ते मुलीआधी त्या सायकलपाशी जाऊन उकिडवे बसले. टायरला अंगठ्याचं नख लावलं, वास घेतला, कान लावला. आत पोहे गार होत होते.

"मामाजी, यात जाळं कोणं भरलं?"

"म्या," बा घाबरून म्हणाला.

"मंग मले पोरगी पसंत हाये."

बाई तोवर चहा घेऊन बाहेरसुद्धा आली नव्हती.

भाऊजी घुग्घुसला कोळशाच्या ट्रकांवर वाढले. आईबाप लहानपणीच गेले, मामानं उचलून एका ट्रकवर कामाला दिलं. तिथे त्यांना टायरचा नाद लागला. नाद म्हणजे किती? लग्नाच्या मांडवात जायच्या आधी ते बाहेर उभ्या गाड्यांची चाकं पाहून येतात. टायरच्या अंगावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली ते बनलं याचा आकडा असतो. तिला ते जन्मपत्रिका म्हणतात. माझ्या चुलत बहिणीचं एक चांगलं स्थळ त्यांनी या पत्रिकेवरून मोडलं. "ज्यानं म्हाताऱ्या टायरले काळा रंग देल्ला, थो पोराचं वय खरं सांगन का?"

आणि फुटलेलं टायर दिसलं की पोस्टमार्टम. पंचक्रोशीतले लोक मेलेली टायरं घेऊन त्यांच्याकडे येतात. हवा कमी ठेवून चालवलं असेल तर निकाल "उपासमार". ओझं जास्त भरलं असेल तर "अजीर्ण". दगडानं, काचेनं बाजू कापली असेल तर "खून". आणि नक्षी कोरी करकरीत, पण बाजूला बारीक भेगा असतील, तर ते मान हलवून म्हणतात, "उभ्या उभ्या मेलं बिचारं. फिरणारं टायर नाई मरत इतक्या लवकर, उभं रायलेलं मरते." मालक समोर असला तरी भीड नाही. एका सरपंचाला त्यांनी तोंडावर सांगितलं, "हा खून हाये, न् मारेकरी तुमीच."

अशा माणसानं शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि तिला कॅराव्हॅन म्हणायला सुरुवात केली. ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांना घेऊन फिरायचं, रात्री तिच्यातच झोपवायचं. लग्नानंतर भाऊजी आमच्याच गावात राहिले; त्यांची गल्ली अरुंद, म्हणून ती गाडी आमच्या अंगणात उभी राहू लागली. माझ्या बी.ए.चा निकाल लागला त्याच दिवशी ती पहिल्यांदा आली. मी पेढे घेऊन घरी पोचलो, तर सारं गाव आमच्या दारात. मला वाटलं, माझ्यासाठीच. नारळ टायरपुढं फुटला, हार गाडीला गेला. मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला.

"काय गा बी.ए.," भाऊजी म्हणाले, "पास झाला म्हणते. धक्का मार जरा."

मी तेव्हापासून जळतो. आता मी ब्रह्मपुरीला एका शाळेत शिकवतो, गावात लोक मला सर म्हणतात, तरी जळतो.

पावसाळ्यात गाडीला काम नसतं. पण एकाच जागी उभं राहून टायर मरू नये म्हणून भाऊजी रोज सकाळी ती हातभर पुढं किंवा मागं ढकलायला लावतात. इंजिन सुरू करायचं नाही, डिझेल जळतं. इस्त्रीची पँट घालून मी निघालो की नेमकं तेव्हाच ते ओरडतात, "बी.ए.! लाव खांदा!" आणि आख्खी गल्ली हसते.

तेही चाललं असतं. पण बाचं काय?

गुडघे गेले तसं बाचं तलावावर जाणं सुटलं. तो भिंतीला टेकून बसायचा. बोलायचा नाही, जेवायला हाक मारली तर उठायचा. आई म्हणायची, "तुहा बाप बसल्या बसल्या जाईन एक दिवस." मी त्याला रेडिओ आणून दिला. त्यानं तो उशाला ठेवला. माझी तेव्हा ब्रह्मपुरीला खोली होती, तिथे त्याला नेलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मले घरी सोडून दे."

आणि मग गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पाहतो तर बा उठलेला! वाटीत मोहाच्या टोळीचं तेल, हातात चिंधी, आणि तो भाऊजींच्या गाडीची टायरं चोळून राहिला. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोळी म्हणतात. त्याच तेलानं बा आयुष्यभर आपला डोंगा, म्हणजे मासोळी धरायची होडी, चोळत आला होता. तेल पाजलं की डोंग्याचं लाकूड पाण्यात सडत नाही.

"जवाई म्हणत होता, टायरले भेगा पडतेत," बा म्हणाला. "म्हटलं, तेल पाजतो."

मग रोजच. आतल्या बाजूनं, बाहेरच्या बाजूनं, गुडघे दुखत असताना चिखलात बसून. जेवायला लागला, बोलायला लागला. आईच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, पण वेगळ्या कारणानं. माझी मोटारसायकल तिथेच उभी होती. तिच्या चाकाला त्यानं कधी बोट लावलं नाही.

पाऊस सरला. हंगामाआधी एकदा गाडी चालवून पाहू म्हणून भाऊजींनी आम्हाला सिंदेवाहीच्या रस्त्यावर नेलं. बा पुढच्या सीटवर, मी अर्थात मागं, पाण्याच्या टाकीजवळ. एका चहाच्या टपरीपाशी मागचं टायर धडाड्कन फुटलं. गाडी कलली, थांबली. कोणाला काही झालं नाही. टपरीवरचे सगळे भाऊजींना ओळखणारे. खुर्च्या सोडून धावत आले.

"बोला गुलाबभाऊ! उपासमार का अजीर्ण?"

"आता सोताचंच पोस्टमार्टम!"

भाऊजी उकिडवे बसले. रबराला नख लावलं. नख लोण्यात जावं तसं आत गेलं. रबर फुगलेलं, मऊ, बोटाला चिकटणारं. त्यांनी वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

मीही वाकलो. तो वास मी डोळे मिटून ओळखतो. आमच्या घराचाच वास आहे तो, टोळीच्या तेलाचा. डोंग्याच्या लाकडाला तारणाऱ्या तेलानं रबर खाल्लं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा निकाल मलाही माहीत होता. गर्दीही आयती होती.

"भाऊजी, हे तं..." मी सुरुवात केली.

त्यांचा बूट माझ्या पायावर पडला. सगळं वजन देऊन.

"खून," ते उठून म्हणाले. "रोडावर काच होती."

"कुठी हाये काच?" टपरीवाला रस्ता पाहू लागला.

"मागं रायली."

"अन् कापल्याची खूण?"

"तू चहा टाक ना बे!"

असा पुराव्याशिवायचा निकाल त्यांनी कधीच दिला नव्हता. लोक नाराज होऊन पांगले. बा हळूहळू उतरून आला. "जवाई, म्या तं रोज तेल लावत होतो."

"म्हणून तं एकच फुटलं, मामाजी. नाईतं चारही गेले असते."

बा समाधानानं बाकावर जाऊन बसला. आम्ही दोघं चाक बदलू लागलो. माझा पाय ठणकत होता.

"खोटं काऊन बोलले?" मी विचारलं.

भाऊजींनी नटावर पाना चढवला. "लहानपणी ट्रकखाली झोपत होतो मी," ते म्हणाले. "माह्या डोक्यालेबी कधी कोणी तेल लावलं नाई रे." आणि मग ओरडले, "जॅक पकड नीट, बी.ए.!"

त्यांनी चारही टायरं बदलली. मग सुताराला बोलावून गाडीला एक सागाची पायरी, बाहेर बसायला दोन बाकडी आणि खिडक्यांना जाड चौकटी करून घेतल्या. यातल्या एकाचीही गाडीला गरज नव्हती.

"मामाजी," ते बाला म्हणाले, "या नव्या टायरले तेल चालत नाई म्हणते कंपनी. पण इतकं लाकूड लागलं न् आता. याले कोण पाहीन?"

"म्या पाहीन," बा म्हणाला.

मीही मोटारसायकलच्या मागं एक लाकडी फळी ठोकून घेतली आहे. बानं अजून तिच्याकडे पाहिलेलं नाही.

हंगाम आता संपत आला. कॅराव्हॅनचं एकही टायर फुटलेलं नाही आणि गाडी अंगणात असली की माझा बा सकाळी तेलाची वाटी घेऊन कामाला जातो.