सातव्या मजल्यावरची वाळू

तांडेल रोज सकाळी चहाच्या आधी खारं पाणी चाखतो. हॉलमधल्या काचेच्या टाकीत करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "आज मीठ कमी आसा." मग मीठ मोजायचं यंत्र डोळ्याला लावायचं. यंत्राने तेच सांगितलं तर त्याला शाबासकी. वेगळं सांगितलं तर पुसून परत विचारायचं, आणि तरीही त्याने हट्ट धरला तर यंत्र दिवसभर खिडकीत उन्हाला.

हे सगळं ताथवड्यात चालतं. आमची सोसायटी उभी आहे तिथं पूर्वी आमची ज्वारी होती. मी चौथी शिकलेला माणूस, पण इथली माती मला ओळखते, म्हणून कुणी मला काही शिकवायला आलं की मी ऐकून घेत नाही. मी सहाव्या मजल्यावर सून-मुलाजवळ राहतो, तांडेल सातव्यावर एकटा. मालवणकडचा गडी. तीस वर्षं चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला होता. बायको फ्लॅटचा ताबा मिळायच्या आधीच गेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. निवृत्त झाल्यावर माणसं गावी जातात. ह्याने गावचा दर्याच लिफ्टने वर आणला.

आमची ओळख भांडणातून झाली. टाकीतलं बदललेलं खारं पाणी बादलीत घेऊन तो खाली आला आणि जांभळाच्या बुंध्याशी ओतायला निघाला. जांभूळ माझ्या बापाने लावलेलं. मी म्हणालो, "भाऊ, झाडाला मीठ चारतोय का?" तो बादली तशीच धरून उभा राहिला. "समुद्राचा पाणी गटारात कसा ओतू?" म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याचं तोंड अगदी खरं होतं. शेवटी मीच बादली गटारात रिकामी केली, आणि त्याने मान दुसरीकडे फिरवली.

त्या दिवसापासून मी वर जायला लागलो.

टाकी चार फुटी. तळाला पांढरी शुभ्र वाळू, दोन-चार खडक, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि एक पिवळा, हळदीसारखा. पंप घुंऽऽ करत राहतो. दुपारी पडदे ओढून तांडेल निळा दिवा लावतो, आणि हॉल कुठल्या कुठं वाहत जातो. बाहेर हायवेला ट्रक भोंगे मारत असतात, ते सुद्धा लांब गेल्यासारखे वाटतात. आम्ही दोघं खुर्च्यांवर. पाणी हललं की छताला उजेड हलतो.

पण तांडेलला सुख नव्हतं. वाळूवर शेवाळ येत होतं.

आधी तपकिरी धूळ बसल्यासारखं झालं. मग लाल साय धरली, तापलेल्या दुधावर धरते तशी, आणि तिच्यात बारीक बुडबुडे. पेंट शॉपचा माणूस. गाडीच्या पत्र्यावर रंगाखाली धुळीचा एक कण राहिला तर त्याला तिथं दाणा म्हणतात, आणि असे दाणे तीस वर्षं त्याने बॅटरी तिरपी धरून शोधले. आता तीच बॅटरी वाळूवर. "हयसर दाणो, थयसर दाणो." बारीक नळीने साय ओढायची, आइस्क्रीमच्या काडीने वाळू खरवडायची, वर उचलून धुवायची, परत पसरायची. संध्याकाळी वाळू नव्या गाडीसारखी. चार दिवसांनी परत लाल.

पिंपरीत शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याने गोगलगाई दिल्या, त्या शेवाळ खातील म्हणून. त्यातली एक खाण्याच्या ऐवजी काच चढून बाहेर आली आणि सोफ्याखाली सापडली. मग त्याने सांगितलं, तीन दिवस टाकीला अंधार द्या. तांडेलने टाकीवर गोधडी घातली, दाराची बेल बंद केली आणि तीन दिवस कुजबुजत बोलला. मी खोकलो तरी ओठांवर बोट. घरात बाळंतीण असल्यासारखं. चौथ्या दिवशी गोधडी काढली तर वाळू लख्ख. त्याने मला पेढा दिला. आठवड्याने साय परत आली ती आणखी जाड होऊन.

आणि मग पिवळा मासा सकाळी सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागला. मासेवाला घरी येऊन बघून गेला. म्हणाला, काका, पाणी खराब झालंय, रविवारपर्यंत सुधारलं नाही तर मासे मी घेऊन जातो, माझ्याकडे जगतील तरी. टाकी बंद करा.

तांडेल त्याला दारापर्यंत सोडून आला, आणि येताना भिंतीला हात लावत आला.

त्या दुपारी निळ्या उजेडात माझा डोळा लागला. स्वप्नात आमचं शेत पाण्याखाली होतं. ज्वारीची ताटं हळूहळू डोलत होती, त्यांच्यामधून पिवळे मासे हिंडत होते, आणि माझा बाप खुरपं घेऊन बसला होता. पाण्यात असून धोतर कोरडं. सगळ्या शेतात तण नव्हतं, फक्त उकिरड्याच्या कडेला कमरेएवढं माजलेलं. बाप तिथंच बघत होता.

मी जागा झालो तो बोलतच. "तांडेल, हे तण हाय. तण खतावर माजतं. ह्या पाण्यात खत कोण घालतंय?"

"कोण घालतला? सकाळी एक चिमूट खाणा घालतंय, बस."

"न्हाई. एका चिमटीचं न्हाई हे."

तो चिडला. मासे कुणाचे, टाकी कुणाची, तुम्ही ज्वारीवाले. मी पण चिडलो. म्हणालो, उद्या दिवसभर इथं बसतो आणि बघतो. तो म्हणाला, बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन बसलो. त्याने चहा घेतला. कपाजवळ माशांच्या खाण्याची डबी. एक घोट स्वतःला, एक चिमूट टाकीत. नाश्त्याला पोहे झाले. दोन घास, एक चिमूट. दुपारी ताट घेऊन टाकीसमोर बसला. भात, आमटी, तळलेला बांगडा. घास घ्यायचा, मासे काचेशी आले की बोटं आपोआप डबीत. मी नखाने खुर्चीच्या हातावर रेघा ओढत होतो. ताट संपेपर्यंत अकरा झाल्या.

"मोज," मी म्हणालो.

त्याने रेघा बघितल्या. मग डबीकडे बघितलं. डबी जवळजवळ रिकामी होती, त्याला ती नेमकी कधी आणली तेही आठवेना. मला वाटलं भांडेल. पण तो खरकट्या हाताने तसाच बसून राहिला.

"कॅन्टीनला आमी एका टेबलार चाळीस जण बसत होतंव," तो म्हणाला. "एकट्यान जेवाक बसलंय काय घास उतरणा नाय, पाटलांनु."

पंप घुंऽऽ करत होता. मी जिना उतरून खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सुनेला सांगितलं, माझं दुपारचं जेवण डब्यात भर. तिला वाटलं तिच्या हातचं मला आवडेनासं झालं, ती दोन दिवस रुसली. मी खुलासा केला नाही. बाराला वर गेलो, डबा उघडला. तांडेल माझ्या वांग्याला नावं ठेवायचा, मी त्याच्या बांगड्याच्या वासाला. मासे काचेशी येऊन तोंड उघडायचे, त्याची बोटं डबीकडे जायची, आणि मी नुसता खाकरायचो. एक दिवसाआड एक चिमूट. वाळूला हात लावायचा नाही.

रविवारी मासेवाला आला. पिवळा खालीच पोहत होता. आणखी आठ दिवस बघू म्हणाला आणि रिकाम्या हाताने गेला. साय पातळ व्हायला महिना लागला. पहिल्यांदा तिच्या कडा सुटल्या, मग ती आपोआप फाटत गेली.

परवा माण गावात भाच्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवात आग्रह करकरून वाढलं, जिलेबी, मसालेभात, गळ्यापर्यंत जेवलो. तांडेलला सांगायचं राहूनच गेलं. परत आलो तेव्हा चार वाजले होते. म्हटलं, डोकावून यावं.

दार उघडंच होतं. निळा दिवा लागलेला. तांडेल टाकीसमोर बसला होता, पुढ्यात झाकलेलं ताट. माशांच्या खाण्याची डबी शेजारीच, झाकण घट्ट. मासे काचेशी गोळा होऊन त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे.

"अजून जेवाक नाय," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. "म्हटलां, येतले."

मी बंडीची गुंडी सैल केली, आत जाऊन हात धुतले आणि त्याच्या शेजारी बसलो.

"वाढ," मी म्हणालो.