उजव्या बाजूचा आवाज

समाजात माणसाचं स्थान कशावरून ठरतं याबद्दल जाणकारांत मतभेद असतील, पण केसलर गावात ते कधीच नव्हते. माणूस दिसण्याआधी किती अंतरावरून ऐकू येतो, यावर त्याची पत ठरते. ओहायोच्या वायव्य कोपऱ्यातल्या आमच्या या गावात वस्ती दोन हजार एकशे चाळीस, चर्च चार, रहदारीचा दिवा एक आणि जुन्या, दोन दारांच्या, भल्यामोठ्या इंजिनाच्या मसल कार सदतीस. (या सदतीस गाड्या त्या एका दिव्यापाशी एकदम उभ्या राहिल्याचा प्रसंग एकदाच आला. कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांनी त्याच आठवड्यात दवाखाना दुसऱ्या गावी हलवला. त्यांच्या हातात त्या वेळी कोणाची तरी दाढ होती.)

या गाड्यांच्या मालकांचा क्लब आहे आणि मी त्याचा सचिव. माझी स्वतःची गाडी बदामी रंगाची, चार दारांची आणि गुळमुळीत आहे, तरी हे पद मला निव्वळ गुणवत्तेवर मिळालं. क्लबमध्ये ज्याला ऐकू येतं असा मी एकटाच. इतिवृत्त लिहायला कोणीतरी ऐकणारा लागतो. बाकीच्या सभासदांचे कान चाळीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेत कामी आले आहेत, त्यामुळे मी ठराव वाचला की ते मान हलवतात. हललेली मान म्हणजे होकार, अशी घटनेत तरतूद आहे. आमच्याकडे सगळे ठराव एकमताने मंजूर होतात. मागच्या वर्षी मी चुकून ठरावाऐवजी माझी वाणसामानाची यादी वाचली, तीही मंजूर झाली.

क्लबचे सर्वांत मानाचे सभासद डेलबर्ट स्टुकी. वय अडुसष्ट, काचेच्या कारखान्यातून निवृत्त, १९७० सालच्या लाल गाडीचे मालक. ते माझे शेजारीही आहेत, आणि मित्र असं म्हणायलाही हरकत नाही, कारण तीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही. भांडायला दोघांना ऐकू यावं लागतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर डेलबर्टने गाडीला साइड एक्झॉस्ट बसवले. कारखान्याने धूर आणि आवाज गाडीच्या मागून सोडायची सोय केलेली असते, त्यात कारखान्याचा कोतेपणा दिसतो. मागच्याने काय पुण्य केलंय? साइड एक्झॉस्टमध्ये चकचकीत नळकांडी दोन्ही दारांच्या खालून जातात, म्हणजे या लाभात शेजारून चालणारे, सायकलवाले आणि मुख्य म्हणजे खुद्द गाडीत बसलेले असे सगळेच सहभागी होतात. नळकांड्याची उंची उतरणाऱ्याच्या पोटरीला बरोबर जमते. क्लबच्या पाहणीनुसार सभासदांच्या घरच्यांपैकी त्र्याऐंशी टक्के लोकांच्या पोटरीवर भाजल्याचा चट्टा आहे. (उरलेले सतरा टक्के उन्हाळ्यातही जाड पँट घालतात. त्यांच्या निष्ठेबद्दल क्लबमध्ये कुजबुज आहे.) डेलबर्टची बायको लॉर्ना हिच्या उजव्या पोटरीवर दोन चट्टे आहेत, हे मी अभिमानाने इतिवृत्तात नोंदवलं आहे.

नव्या एक्झॉस्टची चाचणी क्लबच्या पद्धतीने झाली. गाडी चर्चच्या वाहनतळात उभी करून सुरू करायची आणि आजूबाजूच्या किती गाड्यांचे भोंगे आपोआप ठणाणा करू लागतात ते मोजायचं. डेलबर्टच्या गाडीने अकरा भोंगे वाजवले. जुना विक्रम आठचा होता. डेलबर्टच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लॉर्नाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हटलं. त्याने मान हलवली.

ती काय म्हणाली होती ते मला ठाऊक आहे, कारण नंतर ती माझ्या पायरीवर येऊन बसली.

त्यांची मुलगी, नाव जोडी, दूर उत्तरेत, मिनेसोटात डुलुथला असते. तिला जुळं झालं होतं, आणि तिच्या शेजारचं एक बसकं घर रिकामं होत होतं. लॉर्नाला तिथे राहायला जायचं होतं, कायमचं. आणि तिला डेलबर्ट बरोबर हवा होता. एवढंच.

"घरी विचारावं तर हा गाडीखाली," लॉर्ना म्हणाली. "नुसते बूट दिसतात. बुटांना काय विचारणार? म्हणून मी गाडीत विचारते. तिथे निदान शेजारी तरी बसलेला असतो. तीनदा विचारलं. तीनदा मान हलवली त्याने."

"मग हो म्हणाला की."

"असं तुला वाटतं?"

"घटनेप्रमाणे होकारच," मी म्हणालो.

ती पायरीवरून उठून गेली. मला त्या वेळी शरम वाटली, ती मी कुठेही नोंदवलेली नाही. माझी बायको वारली त्याला नऊ वर्षं झाली. माझे कान शाबूत आहेत, पण ते वापरायला घरात कोणी उरलेलं नाही.

अकरा भोंग्यांनंतर माणसाने थांबायचं, की पुढे जायचं? प्रगतीवर विश्वास असलेला माणूस पुढे जातो. डेलबर्टने टर्बोचार्जर बसवायचं ठरवलं. यामागचं शास्त्र साधं आहे. इंजिनातला धूर खरं तर बाहेर पडायला निघालेला असतो. त्याला दारातच अडवून एक चक्र फिरवायला लावायचं आणि त्या चक्राकडून इंजिनात जास्तीची हवा कोंबून घ्यायची. निघालेल्या पाहुण्याला जाता जाता आमचं तेवढं दळण टाका म्हणावं, तसा हा प्रकार. गाडीचा जोर वाढतो.

काम गस पेट्रोफच्या गॅरेजमध्ये झालं. गस हा आमच्या भागातला सर्वांत नावाजलेला मिस्त्री. सात आठवडे लागले. टर्बोचार्जर धुराबरोबर त्याचा आवाजही गिळतो, हे गसला माहीत होतं, पण त्याने ते सांगितलं नाही. त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर कोणाला ऐकू जाणार होतं?

मे महिन्यात सगळा क्लब चर्चच्या वाहनतळात जमला. डेलबर्टने किल्ली फिरवली. आम्ही वाट पाहिली.

"अरे, सुरू कर की!" अध्यक्ष नॉर्म ब्रिकर ओरडले.

"सुरूच आहे," डेलबर्ट म्हणाला.

भोंगे शून्य. पलीकडच्या गवतावर एक कुत्रा झोपला होता, त्याने कूस बदलली. दोन सभासदांनी कानातली यंत्रं काढून त्यांचे सेल बदलून पाहिले. मग एकेक जण डेलबर्टचा हात हातात घेऊन, मयताला आल्यासारखं पुटपुटून निघून गेला.

नोंद ठेवण्यासाठी त्या रविवारी मी गाडीच्या मागच्या सीटवर बसलो. पुढे डेलबर्ट, त्याच्या उजव्या हाताला लॉर्ना. ताशी चाळीस मैलांवर इंजिन एका लयीत घुमू लागलं, आणि त्या गाडीच्या इतिहासात प्रथमच आत माणसाचं बोलणं ऐकू येण्याची दुर्दैवी परिस्थिती उद्भवली.

"डेल," लॉर्ना त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "मी एक जुलैला जातेय. जोडीकडे. परत यायची नाही. तू येतोयस की नाही ते आज सांग."

डेलबर्टने गाडीच्या काट्यांकडे पाहिलं. तेलाचा दाब ठीक होता. उष्णता ठीक होती.

"कुठून तरी आवाज येतोय," तो म्हणाला.

"अरे, मी बोलतेय! ही काय, मी!"

"हां. पुन्हा आला. उजव्या बाजूने."

मला मागून त्याचे कान दिसत होते. ते लालबुंद झाले होते. त्याला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं. माणसाला इतका घाबरलेला मी क्वचितच पाहिलाय. अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ उघड्या रेडिएटरमध्ये बिनदिक्कत हात घालायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी गसकडे नेली. बरोबर मी होतोच.

"आवाज कधी येतो?" गसने ओरडून विचारलं.

"चाळीसच्या पुढे."

"ब्रेक मारल्यावर?"

"वाढतो."

"आणि गाडी उभी राहिल्यावर?"

"उभी राहिल्यावर तर थांबतच नाही."

प्रश्न क्लबच्या मासिक सभेत आला. विषय क्रमांक चार: स्टुकी यांच्या गाडीतील उजव्या बाजूचा आवाज. सभासदांनी आपापला अनुभव सांगितला. एकाच्या मते दाराचं रबर सुकलं असावं. दुसऱ्याच्या मते सीटचा खिळा.

"माझ्या गाडीत अगदी असाच यायचा," अध्यक्ष नॉर्म म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली बंद झाला. आपोआप. एके दिवशी घरी आलो, तर घरातलाही बंद."

सभासदांनी कौतुकाने माना हलवल्या. मी तिथे उठून सांगू शकलो असतो. डेलबर्टच्या कानाशी तोंड नेऊन, गळा फाडून ओरडू शकलो असतो की बाबा रे, ती तुझी बायको आहे, ती चाललीय, तू तिच्याबरोबर जा. पण सचिवाला चर्चेत भाग घेता येत नाही.

गसने तोडगा काढला. टर्बोचार्जरच्या अलीकडेच नळीला एक झडप बसवायची. झडप उघडली की धूर टर्बोकडे न जाता सरळ साइड एक्झॉस्टमधून बाहेर. आवाज पूर्ववत. अर्थात झडप उघडी असताना टर्बोला धूरच मिळत नाही, त्यामुळे तो चालत नाही. पण तो बसवलेला राहतो, आणि झाकण उघडून लोकांना दाखवता येतो. डेलबर्टने झडप उघडली आणि हँडल काढून टाकलं. नवी चाचणी: भोंगे बारा.

जूनच्या अखेरीस लॉर्नाने शेवटचं विचारलं, बारा भोंग्यांच्या गाडीत. डेलबर्टने मान हलवली. घरी येऊन तिने दोघांच्या बॅगा भरल्या, त्याचा उबदार कोट वरच्या बाजूला ठेवला (डुलुथला जुलैतही संध्याकाळी गार वारं सुटतं), आणि एक तारखेच्या दुपारपर्यंत त्याच्या बुटांपाशी उभी राहिली. मग आपली बॅग उचलून माझ्याकडे आली. स्टेशनवर मी सोडलं.

"किती शांत आहे रे तुझी गाडी," बसल्या बसल्या ती म्हणाली. त्यानंतर चाळीस मैल ती काही बोलली नाही. मीही नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी क्लबची वार्षिक वेळ-चाचणी झाली. बंद पडलेल्या दगडखाणीच्या खाजगी रस्त्यावर पाव मैल. सभासद नेहमीच्या सामानासकट आणि कुटुंबासकट गाडी पळवतात, कारण गाडी जशी वापरतो तशीच मोजावी, असा नियम आहे. डेलबर्टने स्वतःचा गेल्या वर्षीचा वेळ एक दशांश सेकंदाने मागे टाकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. टर्बोचार्जरचा जयजयकार झाला.

शंभर पौंड वजन कमी केलं की एक दशांश सेकंद वाचतो, हे आमच्या क्लबातलं शेंबडं पोरही सांगेल. मी घरी हिशेब मांडला. टर्बोचार्जर, झडप व नळ्या: अधिक सत्तर पौंड. लॉर्ना: उणे एकशे अडतीस. तिचा सँडविचचा आणि बर्फाचा डबा: उणे बावीस. घडीची खुर्ची: उणे नऊ. विणकामाची पिशवी: उणे चार. एकूण उणे एकशे तीन. इतिवृत्तात मी लिहिलं, 'टर्बोचार्जरमुळे.'

बक्षिसाची ढाल स्वीकारून डेलबर्ट गाडीत बसला आणि इंजिन सुरू केलं. मी खिडकीपाशी उभा होतो. त्याने उजव्या बाजूच्या रिकाम्या सीटवर दोनदा तळहात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. त्याचा चेहरा ओढलेला होता. ओठ हलत होते. बारा भोंग्यांच्या त्या गदारोळात मला एक शब्दही ऐकू आला नाही.

मी मान हलवली. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

आमच्या क्लबला बाहेरगावचे सभासदही चालतात, आणि गाडी असलीच पाहिजे अशी अट आता राहिलेली नाही. अर्जही लागत नाही. मघाशी तुम्ही हे वाचत असताना घरातून कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही पानावरची नजर न काढता मान हलवलीत. ती होकारार्थी धरून तुमचं नाव नोंदवून घेतलं आहे. काय विचारलं होतं, ते मात्र आम्हाला कळवण्याची गरज नाही.