मल्लूअण्णांचा टीव्ही गेम

आमचे शेजारी मल्लूअण्णा कुठलीही वस्तू वापरण्याआधी तिच्यावर फुंकर मारतात. सिमकार्ड, गॅसचा लायटर, टीव्हीचा रिमोट, काहीही. एकदा एटीएम त्यांचं कार्ड घेईना. अण्णांनी कार्डावर जोरात फुंकर मारली आणि मशीन मुकाट्यानं चालू झालं. तेव्हा रांगेत मागं उभा असलेला मीसुद्धा आता गुपचूप तेच करतो.

ही खोड जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटींमुळं लागलेली; त्या फुंकर मारल्याशिवाय चालत नसत. अण्णांचं सोलापुरात भवानी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान आहे. पंचेचाळिशी उलटली, तरी दुपारी शटर ओढून ते घरी जातात आणि रणगाड्यांचा गेम लावतात. शेजारीपाजारी हसतात. अण्णांना त्याचं काही नाही.

मी नवा गेम घेतला तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांना बोलावलं. पडद्यावर डोंगर, नदी, घोडा.

"कुटं जायचं?" अण्णांनी विचारलं.

"कुठंही जा अण्णा. जग मोकळं आहे."

"मग खेळ कशाला पायजे? आपली भवानी पेठ हाय की!"

तेवढ्यात त्यांचा घोडेस्वार दरीत पडला आणि लगेच काठावर उभा राहिला. अण्णा भडकले. "ह्ये काय? मेलं की पयल्यापासनं खेळायचं! जीव तीनच. त्याबिगर माणूस जपून ऱ्हातंय व्हय?"

मागच्या आठवड्यात त्यांचा गेम बंद पडला. फुंकरीनंही दाद दिली नाही. अडॅप्टर जळला होता. अण्णांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. सगळं सोलापूर पालथं घातलं, मंगळवेढ्याच्या मेव्हण्यालाही कामाला लावलं. "अण्णा, मोबाइलवर मिळतो की तो गेम," मी म्हणालो. "त्येला बटणं कुटं हायत?" अण्णांचा आवाज रडवेला झाला होता.

माळ्यावरच्या खोक्यात मला एक जुना अडॅप्टर सापडला. तो घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. अण्णांनी हिसकावूनच घेतला, जोडला. पडदा उजळला. मग आतल्या खोलीतून त्यांनी आईला, अव्वांना, हाताला धरून आणलं, गादीवर बसवलं आणि गेमचा एक रिमोट तिच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला. अव्वांना अलीकडं काही आठवत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण त्यांचे अंगठे बटणांवर आपोआप बसले. रणगाडा सुसाट निघाला.

"लौकर खेळून घिऊ," अव्वा अण्णांना म्हणाल्या. "आमचा मल्लू शाळेतनं आला की रिमोट द्यायचा न्हाय."

"व्हय की."

"तुमी कोण म्हनायचे?"

"हितलाच हाय, अव्वा," अण्णा म्हणाले. "तुमी मारा गोळ्या."

समोरून शत्रूचा रणगाडा आला. अण्णांनी आपला रणगाडा हळूच अव्वांच्या रणगाड्यापुढं आणून उभा केला.