लतीफचे वीस फोटो

आमच्या दिग्रसला लतीफ रस्त्यात भेटला आणि तुम्ही त्याला रामराम केला, तर तो आधी तुमची कॉलर सरळ करतो. मग हनुवटीला दोन बोटं लावून तुमचं तोंड उजेडाकडे वळवतो. रामराम त्यानंतर. एकदा तर मयतीला गेला आणि रडणाऱ्या जावयाला म्हणाला, "जरा खिडकीकडे सरका न भाऊ, तिथं उजेड चांगला हाय." जावई सरकला बिचारा!

लतीफ फोटोवाला. बसस्टँडमागं त्याचं दुकान, दुकानाला लागून घर, आणि त्या घराच्या भिंतीला लागून माझं स्वयंपाकघर. मी त्याच्याहून बरीच मोठी, म्हणून तो मला भाभी म्हणतो आणि मी त्याला अरेतुरे करते. साऱ्या तालुक्याची लग्नं, बारशी, शाळेच्या फॉर्मवरची तोंडं यानंच काढली. फोटो काढताना एकच हुकूम, "बॉडी ढिली, नजर टाइट!" आता हे दोन्ही एकदम कोणाला जमतं हो? म्हणून त्याच्या फोटोत सारं गाव कसं, पोलीस दारात आल्यासारखं दिसतं.

तर मागच्या हिवाळ्यात एक दिवस तो मोबाइल नाचवत माझ्या दारात. यवतमाळला नागपूरच्या कोणी मोठ्या फोटोग्राफर बाई येणार होत्या. ज्यानं त्यानं आपले निवडक वीस फोटो न्यायचे, त्या पाहून बरंवाईट सांगणार. याला पोर्टफोलिओ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुले कायले पायजे रे हे?" मी म्हटलं. "सारं गाव तं म्हणते, लतीफचा फोटो छान येते."

"गाव फोटो कुठं पाह्यते भाभी? जो तो सोताले पाह्यते," तो म्हणाला. "नाक चांगलं आलं म्हणते, साडी चांगली आली म्हणते. मले फोटो काढता येते का नाई, हे आजवर कोणीच सांगितलं नाई."

हे तो इतकं हळू बोलला, की मी हातातलं काम ठेवलं आणि निवडायला बसले.

आणि तिथंच सारा घोळ. लतीफ फोटो निवडत नव्हता, लग्नाच्या आमंत्रणांची यादी काढत होता! कापसाच्या जिनिंगवाल्या शेठचा घेतला तर चक्कीवाल्या चाचांचा घ्यावा लागतो. विहारातल्या कार्यक्रमाचा घेतला तर ईदगाहचा पाहिजे, आणि तांड्यावरचा राहिला तर तिथले नाईक काय म्हणतील?

"अरे, शेठचे तं डोळे मिटलेले हायेत यात," मी म्हटलं.

"पन शेठ जुनं गिऱ्हाईक हाय न."

"ते थोडीच येऊन राह्यले यवतमाळले पाहायले?"

"कोणी सांगितलंच तं? मंग मी बाजारात तोंड कसं दाखवू?"

शेवटी वीस फोटोंची वीस पानं झाली आणि पानापानावर चार-चार फोटो. एवढे मावतील असा त्याच्या दुकानात एकच अल्बम, लाल मखमलीचा, वर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'. त्यावर त्यानं पांढरा कागद चिकटवला, पण मखमलीवर कागद टिकतो का? दारव्हा येईस्तोवर 'शुभ' बाहेर आलं, यवतमाळ येईस्तोवर 'विवाह'ही. मला डोळे दाखवायला यवतमाळला जायचंच होतं, म्हणून मी सोबत होते. एसटीत खिडकीची जागा अल्बमला आणि मी उभी! कंडक्टर रागावला तेव्हा कुठं त्यानं तो मांडीवर घेतला.

हॉलमध्ये पोरंपोरी काळ्या डब्यांतले मोठमोठे फोटो टेबलावर मांडत होती. लतीफचा नंबर आला. बाई स्वभावानं चांगल्या. 'विवाह' वाचून हसल्या नाहीत. त्या पान उलटायच्या आणि हा सांगायचा, "हे शेठजी. यांची पोरगी पुसदले देली. हे चाचा, यांच्या चक्कीवरची ज्वारी एकदम बारीक."

"फोटोबद्दल सांगा ना, लतीफभाई."

"फोटोबद्दलच सांगून राह्यलो न म्याडम. हेच तं हायेत फोटोत."

पान उलटता उलटता बाईंचा हात थांबला. कोपऱ्यातला एक फोटो. मुकुटबनच्या लग्नातला नवरीचा बाप. वरात गेलेली, मांडव रिकामा, आणि तो स्वयंपाकाच्या उपड्या घातलेल्या मोठ्या गंजावर, पातेल्यावर, बसून एकटाच बुंदी खातोय. बुंदी हातात, डोळे रस्त्याकडे.

लतीफ ओशाळला. "हा असाच हाय म्याडम. त्यायचा पोज देलेला फोटोच नव्हता अन् त्यायले वगळता येत नव्हतं. मी तिथं हावो, हे त्यायले माहीतच नव्हतं."

बाईंनी अल्बम उजेडाकडे वळवला. मग म्हणाल्या, "हा फोटो तुम्ही काढलाय. बाकीचे या लोकांनी तुमच्याकडून काढून घेतलेत."

लतीफनं विचारलं, "म्हंजे येते मले?"

"येतं. पण असेच फोटो आणा. पुढच्या वर्षी मी येणार आहे. घरापासून सुरुवात करा. घरच्यांना आपली सवय असते. आपण तिथं आहोत हे ते विसरतात, तेव्हा काढायचा."

परतीच्या गाडीत मी त्याला संत्री सोलून दिली. "एक तं पास झाला न रे!" म्हटलं. "झाला," म्हणाला, आणि गालात हसला. पण मग दिग्रसपर्यंत संत्र्याची फोड हातात तशीच. मला वाटलं, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सूनबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. दारात लतीफ, गळ्यात कॅमेरा. आत येईना.

"काय रे?"

"म्याडमनं घरचे फोटो सांगितले न भाभी." तो चौकटीवरचा रंग नखानं खरवडत होता. "अम्मी होती तवा सुचलं नाई. आता घरात मी अन् पंखा. तुमच्या इथं बसू काय? तुमी तुमचं काम करा. माह्याकडं पाहू नका."

सूनबाईनं पाट सरकवला. तो बसला. कॅमेरा मांडीवर. आम्ही आमच्या बोलण्यात. थोड्या वेळानं पाहते तर कॅमेरा पिठाच्या डब्यामागं ठेवलेला आणि हा शेंगा सोलतोय. सूनबाईशी वाद घालतोय, आमटीत लसूण किती पाहिजे यावर. जेवायला वाढलं, जेवला. दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. फोटो एकही काढला नाही.

जाताना चपला घालत म्हणाला, "आज काई नीट जमलं नाई भाभी. उद्या येऊ काय?"

मी म्हटलं, "ये न. परवाही ये. असे फोटो काय एका दिवसात निघतात काय रे?"