गहिनीनाथांचं जेट

"येत्या दसऱ्याला, सोनं वाटायच्या आधी, मी माझं रान वरनं बघनार! न्हाई बघितलं तर तिन्ही ट्रक इकीन आन् शेळ्या राखीन!"

नेवाशाच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात, तेही बाजारच्या दिवशी, गहिनीनाथांनी हे जाहीर केलं आणि ऐकणाऱ्यांचा चहा बशीतच राहिला. कारण माणूस थापाड्या नव्हता. दोन पावसाळे कोरडे गेले, गावंच्या गावं खडी फोडायला बसली, आणि ती खडी वाहून ज्यांचं बरं झालं त्यांत गहिनीनाथांचा नंबर पहिला. आता त्र्याहत्तर साली पाऊसही झाला होता, पैसाही होता, आणि बावन्नाव्या वर्षी एक जुनी आस डोकं वर काढत होती. विशीत असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरकडून विमानं जायची, तेव्हा हे औत सोडून वर बघत उभे राहायचे. वडील पाठीत घालायचे. पाठ बरी झाली, मान काही खाली आली नाही!

त्यांना हवं होतं जेट. धंदेवाल्यांचं, छोटं, एकाच पायलटनं चालवायचं. एका विलायती मासिकातलं चित्र घेऊन ते पुण्याला गेले. दलालानं चित्र पाहिलं, गहिनीनाथांचा फेटा पाहिला आणि एक फ्लाइंग क्लबातून निवृत्त झालेलं, पुढे पंखा असलेलं, चार जणांचं विमान दाखवलं. गहिनीनाथांनी टायर दाबले, इंजिनाखाली तेल गळतंय का ते वाकून पाहिलं, आणि जुना ट्रक घ्यावा तसं ते घेतलं. गावात मात्र नाव पडलं 'जेट'च.

कॅप्टन हैदर नावाच्या अनुभवी पायलटनं ते गावच्या माळावर आणून उतरवलं. सगळा गाव भोवती जमला.

"क्लीनर कुटं बसतो?" आसारामनं विचारलं. हा गहिनीनाथांचा बांधाशेजारी. गहिनीनाथांचं काही चांगलं झालं की याला प्रश्न पडायला लागतात.

"क्लीनर लागत नाही. मी एकटाच चालवतो," हैदर म्हणाले.

"मग मागं घेताना आवाज कोन देतो?"

"काका, विमान हवेत मागं जात नाही."

"म्हंजी पुडं चुकलं तर चुकलंच!"

दसऱ्याच्या सकाळी हैदरांनी विमान शेपटीपासून नाकापर्यंत तपासलं आणि ते दाढी करायला गावात गेले. तेवढ्यात गहिनीनाथांची बायको छबूबाई पूजेचं ताट घेऊन माळावर हजर! सोबत थोरली जाऊ राहीबाई.

"पूजेबिगर आपल्या दारातनं साधं कोळपं भाईर पडलं न्हाई. ह्ये तर आभाळात जायचंय!"

पंख्याला झेंडूची माळ पडली. चाकांना कुंकू लागलं. आणि मग छबूबाईंना पंखाखाली, बरोबर हाताच्या उंचीवर, पुढं तोंड केलेली बोटाएवढी नळी दिसली. नळीला बारीक भोक.

"अवो, ह्ये बगा! कंपनीनं उदबत्तीची जागा काढून दिलीया!"

गहिनीनाथांनी वाकून पाहिलं. खरंच, भोक उदबत्तीच्याच मापाचं! त्यांचा ऊर भरून आला. "बघ! ट्रकवाल्यांना इतक्या वर्सांत ह्ये सुचलं न्हाई!"

एक उदबत्ती डुगडुगायला लागली म्हणून शेजारी दुसरी घुसवली. तरी हलते म्हणून राहीबाईंनी भोवती ओलं कुंकू लिंपलं. पार गवंडीकाम! उदबत्त्या जळाल्या. कॅप्टनसाहेबांना पसारा दिसू नये म्हणून बाहेर राहिलेल्या काड्या गहिनीनाथांनीच मोडल्या, नळी धोतरानं पुसून लख्ख केली.

हैदर आले, माळेवरून ओरडले, माळ निघाली. कुंकू तर चहूकडे होतं, नळीचं वेगळं काय बघायचं?

"तू बी चल की," गहिनीनाथ बायकोला म्हणाले.

"नगं बाई! तुमी बगून या आन् मला सांगा."

इंजिन गरजलं. विमान पळायला लागलं. गहिनीनाथांनी एका हातानं फेटा धरला, दुसऱ्या हातानं देव. माळ संपत आला.

"साहेब, उचला की!"

"वेगाचा काटा हलत नाही! शून्य दाखवतोय!"

"शून्य? अवो, झाडं पळत्यात!"

"झाडं बघून विमान उडवत नाहीत, काका!"

हैदरांनी करकचून ब्रेक दाबले. विमान घसरलं, तिरकं झालं, बांध ओलांडून थेट आसारामनं रचून ठेवलेल्या बाजरीच्या सुडीत! पंख्यानं निम्मी सुडी तिथल्या तिथे मळली, आणि वर उफणूनही दिली!

"दोन वर्सांनी दानं दिसलं हुतं, आबा!" आसाराम डोक्याला हात लावून गहिनीनाथांपुढे थयथयत होता.

हैदरांनी खाली उतरून नळीत तार घातली. दोन जळक्या काड्या निघाल्या. त्यांनी वास घेतला. "मोगरा," ते शांतपणे म्हणाले. "काका, या नळीत वारा शिरतो. त्यावरून वेग कळतो."

छबूबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "मग तसं नळीवर ल्ह्यायचं हुतं!"

पंखा वाकला होता. आठवड्यानं विमानाचे दोन्ही पंख सोडवले आणि ते गहिनीनाथांच्याच ट्रकवर आडवं निजून पुण्याला विकायला गेलं. गाव पोट धरून हसलं, शेळ्या कधी घेता म्हणून विचारू लागलं. गहिनीनाथांना त्याचं काही नव्हतं. त्यांना एकच छळत होतं. ब्रेक लागायच्या आधी त्यांच्या पोटात क्षणभर हलकं झालं होतं. अगदी पिसासारखं!

"साहेब, चाकं उचलली हुती ना?"

"नाही, काका."

"छबे, तू तरी बघितलं?"

"धुरळा हुता."

"वैनी?"

"मी डोळं मिटलं हुतं."

शेवटी ते एकटेच माळावर गेले. चाकांच्या तीन रेघा मुरमात उमटल्या होत्या. त्यांच्या कडेनं ते खाली बघत चालत राहिले. आणि एका जागी तिन्ही रेघा गायब! अडीच हात पुढे पुन्हा सुरू! गहिनीनाथांनी दोनदा हात टाकून मोजलं. मग ते तिथंच बसले. डोळे भरून आले होते. बांधावरच्या आसारामला त्यांनी हाक मारली.

"बघ! हितनं हितवर मी आभाळात हुतो!"

आसारामनं पायानं माती सारली. "आबा, हितं खडक हाय. हितं तुमच्या ट्रकचं चाक बी उमटत न्हाई."

गहिनीनाथांनी टाचेनं तो खडक ठोकून पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाजरीच्या भरपाईवर एक पोतं जास्ती देतो. गावात खडकाचं बोलू नगं."

"दोन द्या, आबा. गावात सांगताना तुमाला वरनं पार प्रवरासंगमापातुर नेऊन आनतो!"

"दिली," गहिनीनाथ म्हणाले. उठले, धोतर झटकलं आणि जरा जवळ सरकले.

"मग सांग की, आसाराम... वरनं माझं रान कसं दिसत हुतं?"