कॅसेटमधले वडील

ॲकर्बीसाहेब प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचे. एकदा बोलायचे, मग थांबायचे. थांबायचे म्हणजे चांगले थांबायचे. तेवढ्यात माझी एक चपाती लाटून व्हायची. मग तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा. "आज थंडी फार आहे." शांतता. "आज थंडी फार आहे." समोरचा माणूस तोवर निघून गेला तरी दुसऱ्यांदा म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "ही ट्राम स्टेशनला जाते का?" हे त्यांनी दुसऱ्यांदा ट्रामच्या बंद झालेल्या दाराला विचारलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी तेव्हा कोलोनला एका इंडियन रेस्टॉरंटात स्वयंपाकी होतो. मालक लुधियानाचे, त्यांना आम्ही पाजी म्हणायचो. मी मूळचा वाळव्याकडचा, नववी नापास. माझा स्वभाव मुळात भित्रा. व्हिसा स्वयंपाक्याचा, त्यामुळे कढईपासून चार पावलं लांब गेलो तरी तो आपोआप रद्द होईल असं मला वाटायचं. दिसेल त्याला मी 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हणायचो. पोस्टमनला म्हणायचो, तिकीट तपासणाऱ्याला म्हणायचो, एकदा सरकत्या जिन्यालाही म्हणालो.

एका दुपारी मी लसणाची सणसणीत फोडणी दिली आणि मागच्या जिन्यावरून एक उंच, पांढऱ्या केसांचा म्हातारा रेशमी झगा घालून खाली आला. वासाबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली की काय काय होतं, याच्या गोष्टी मी ऐकून होतो. मनातल्या मनात मी बॅगसुद्धा भरली.

"हा वास कसला आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि ते थांबले.

मला वाटलं, आता आपली पाळी. शाळेत मास्तर असंच वाक्य म्हणून थांबायचे आणि आपण मागून म्हटलं नाही की छडी यायची. मी घाबरून हात मागे बांधले आणि मोठ्यानं म्हणालो, "हा वास कसला आहे?"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला! "शाब्बास," ते म्हणाले. थांबले. मी म्हणालो, "शाब्बास."

पाजी गल्ल्यावरून मान लांब करून बघत होते. "ओए सर्जे, इसमें मास्टर कौन है?"

नववीत इंग्रजीनं माझा घात केला होता. आणि इथे एक खराखुरा इंग्रज इतकं सावकाश, इतकं स्वच्छ बोलत होता की मला शब्द न् शब्द कळत होता. आमचे मास्तर असे बोलले असते तर मी आज तलाठी असतो.

त्या दिवसापासून ते रोज दुपारी, जेवणाची गर्दी सरली की, खाली येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. एक वाटी डाळ, थोडा भात. माझं नाव सर्जेराव. ते त्यांना फार आवडलं. "सर जेराव!" ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं तोंडाला रंग लावला, मला राणीनं 'सर' केलं नाही. आणि तुम्ही बारशातच घेऊन आलात." मी खुलासा करायला गेलो, पण इंग्रजी पुरलं नाही. मग राहू दिलं. फुकट मिळालेली पदवी कशाला परत करा?

त्यांची सगळी हकीकत मला त्या टेबलावर कळली, आणि दोनदा कळल्यामुळे पक्की लक्षात राहिली. जन्म इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या गावचा, वडिलांचं छत्र्यांचं दुकान. सोळाव्या वर्षी दुकान सोडून नाटक कंपनीत पळाले. तिथे दर सोमवारी नवं नाटक. शनिवारी एक संपायचं आणि रविवारी दुसरं पाठ करायचं. "एका सोमवारी मी खुनी म्हणून आत गेलो," ते सांगायचे, "आणि तोंडातून मागच्या आठवड्याच्या पाद्र्याचं भाषण आलं. खून करून मी प्रेताला आशीर्वाद दिला. टाळ्या पडल्या, सर जेराव!"

पुढे सिनेमा. उंची दांडगी, डोळे निळे, जबडा चौकोनी. त्यामुळे इंग्रजांच्या युद्धपटांत त्यांना कायम जर्मन अधिकाऱ्याचं काम. "हेंडं होख!" म्हणायचं, म्हणजे हात वर, आणि गोळी खाऊन पडायचं. पडण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. जिन्यावरून पडायचे, घोड्यावरून पडायचे, आमच्या इथे त्यांनी एकदा बारच्या उंच स्टुलावरून पडून दाखवलं. एका गिऱ्हाइकानं घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली.

अशाच एका सिनेमाच्या शूटिंगला जर्मनीत आले. कपडेपटात हानेलोरं नावाची मुलगी होती. तिनं गणवेश अंगावर बेतताना यांना चुकून टाचणी टोचली, आणि हे इथलेच झाले. पण जर्मनीत जर्मनांना काय तोटा? इथल्या टीव्हीवाल्यांनी त्यांना इंग्रज केलं. कुठे लॉर्ड, कुठे बटलर. "इंग्लंडमध्ये मी जर्मन म्हणून मेलो," ते म्हणायचे, "आणि जर्मनीत इंग्रज म्हणून चहा आणला."

"आणि हानेलोरंबाई?" मी विचारलं.

"ती गेली," ते म्हणाले. ते वाक्य तेवढं त्यांनी एकदाच उच्चारलं. मग डाळीत मीठ मागितलं.

मुलांबद्दल मात्र भरभरून. टोबी आणि मार्गरेट. "टोबीनं आज पुन्हा छत्री हरवली." "मार्गरेटनं मांजर पाळलंय. ते टेबलाखाली आहे." मी मनापासून ऐकायचो. माणूस परमुलखात एकटा असला की दुसऱ्याच्या पोरांचंही कौतुक वाटतं. एकदा म्हणाले, मार्गरेटचा वाढदिवस आहे, अकरा वर्षांची झाली. मी साजूक तुपातला शिरा केला, वर बेदाणे लावले, डबा भरून दिला. "मार्गरेटला फार आवडेल," ते म्हणाले. थांबले. त्या वेळी ते जरा जास्तच थांबले.

पुढच्या वर्षी पुन्हा वाढदिवस आला. मार्गरेट अकराच वर्षांची. मी घाबरून काही विचारलं नाही. म्हटलं, त्यांच्यात मोजायची रीत वेगळी असेल. पुन्हा शिरा केला.

उलगडा केला पाजींच्या लेकीनं, जस्मीतनं. ती पाचवीत. घरी सगळे पंजाबी बोलायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. एका दुपारी ती रेस्टॉरंटात गृहपाठ करत होती आणि ॲकर्बीसाहेब मला म्हणाले, "खिडकी उघडा. बाहेर छान ऊन आहे." जस्मीतच्या हातातली पेन्सिल पडली. "पापा! डास इस्ट मिस्टर विल्किन्स!" म्हणजे, हे तर मिस्टर विल्किन्स!

शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकाबरोबर एक कॅसेट मिळायची. तीत मिस्टर विल्किन्स, त्यांची बायको, टोबी, मार्गरेट आणि मांजर. प्रत्येक वाक्य दोनदा, मध्ये मुलांनी मागून म्हणायला जागा. आमचे ॲकर्बीसाहेब म्हणजे मिस्टर विल्किन्स. टीव्हीवरचे बटलर संपले तेव्हापासून ते हेच करत होते. निम्म्या जर्मनीच्या पोरांना यांनी खिडकी उघडायला शिकवली होती.

जस्मीतला त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पहिला धडा पूर्ण म्हणून दाखवला. मांजरासकट.

ती गेल्यावर मी हळूच विचारलं, "साहेब, मग तो शिरा कुणी खाल्ला?"

"मी," ते म्हणाले. "मुलांनी टाकलेलं वडिलांनाच संपवावं लागतं."

मग ज्या उन्हाळ्यात फुटबॉलमुळे गाडीगाडीवर झेंडे फडकत होते, त्या उन्हाळ्यात पुस्तकवाल्यांनी कॅसेट बंद करून सीडी काढली. नवी सीडी, नवे विल्किन्स, तरुण आवाजाचे. ॲकर्बीसाहेब आठवडाभर खालीच आले नाहीत. आले ते एकदम धावत, झग्याचा एक हात लोंबतोय.

"नाटक! मला नाटकात काम मिळालं!"

एका तळघरात इंग्रजी नाटकं करणारी छोटी मंडळी होती. त्यांच्यात केर्स्टीन म्हणून दिग्दर्शिका. तिच्या नव्या नाटकात एक म्हातारा कप्तान होता. शेवटचा प्रवेश त्याच्या एकट्याचा, भलं मोठं भाषण. इतक्या वर्षांनी खरा रंगमंच, समोर खरी माणसं. साहेबांच्या गालांवर रंग चढला होता.

तीन दिवसांनी तो उतरला. तालमीत त्यांनी कप्तानाची सगळी वाक्यं दोनदा म्हटली होती. केर्स्टीननं स्पष्ट सांगितलं, "हेर ॲकर्बी, हे बघा, प्रेक्षक म्हणजे पाचवीचा वर्ग नाही. महिन्याभरात ही सवय गेली नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"आणि हे गेलं," ते मला म्हणाले, "तर पुढे काही नाही, सर जेराव."

मग आमची तालीम सुरू झाली. दुपारी रेस्टॉरंट बंद असायचं. मी कांदे चिरत कप्तानाची मुलगी व्हायचो, मिशांसकट. नाटकात मुलीला रडायचं होतं, ते कांद्यानं भागलं. साहेबांनी एक वाक्य म्हटलं की मी पळी उगारून उभा. दुसऱ्यांदा तोंड उघडलं की पातेल्याच्या झाकणावर दणका!

"बाबा, तुम्ही जाऊ नका," मी वाचायचो.

"समुद्र कुणासाठी थांबत नाही, पोरी." शांतता. "समुद्र कु..."

दण्ण!

"सर जेराव, मी फक्त श्वास घेत होतो!"

"श्वास 'स'नं सुरू होत नाही, साहेब."

"सर्जे," पाजी आतून ओरडायचे, "मेरा ढक्कन तोड़ेगा!"

एकदा ते फार थकले. खुर्चीत बसून म्हणाले, "स्टुडिओत समोर माणूस नसतो. काच असते. काचेपलीकडचा मनुष्य सँडविच खात असतो. मी बोलतो, थांबतो. कुणी काही म्हणत नाही. मग पुन्हा बोलतो. माझी काय चूक?" मी चहा केला.

पण सवय गेली. झाकणाला तीन पोचे आले, पण गेली. केर्स्टीननं काम त्यांच्याकडेच ठेवलं. पहिला प्रयोग शनिवारी. शनिवार म्हणजे आमच्याकडे सगळ्यांत जास्त गर्दी. मी दोन दिवस धीर गोळा करून पाजींकडे सुट्टी मागितली. त्यांनी पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाले, "जा. नहीं तो ये सब किसलिए पिटा?"

व्हिसासाठी शिवलेला कोट घालून मी गेलो. तिकिटाच्या खिडकीवर माझ्या नावाचं पाकीट होतं, वर 'सर जेराव' लिहिलेलं. तिथल्या बाईंनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं म्हणाल्या, "दुसरी रांग. कागद लावलेली खुर्ची."

तळघर एवढंसं. दुसऱ्या रांगेत नटांच्या घरच्या माणसांसाठी खुर्च्या राखलेल्या, पाठीवर कागद. अमक्याचं कुटुंब, तमकीचं कुटुंब. आईबाप, नवरे, पोरं, हातात फुलं. आणि एका रिकाम्या खुर्चीवर, 'फामिलिए ॲकर्बी', म्हणजे ॲकर्बींचं कुटुंब.

मी म्हटलं, बाईंची काहीतरी चूक झाली. कुटुंब म्हणजे रक्ताचं. इंग्लंडहून कुणी भाचा, पुतण्या ऐन वेळी यायचा असेल. मी बसलो आणि तो आला, तर? आयुष्यात मला पुष्कळ खुर्च्यांवरून उठवलंय. मी आपला मागे, कोट टांगलेल्या भिंतीला लागून उभा राहिलो. तिथूनही दिसत होतं.

साहेब काय सुंदर काम करत होते! चाल वेगळी, आवाज वेगळा. आमच्या टेबलावर डाळ पिणारा माणूस हा नव्हेच. वाक्य एकदाच म्हणायचे आणि ते थेट कोटांपर्यंत पोचायचं.

शेवटचा प्रवेश आला. कप्तान एकटा. पुढे येऊन म्हणाला, "मला वाटलं होतं, बंदरावर कुणीतरी येईल."

आणि साहेब थांबले.

मला पाठ होतं, पुढचं वाक्य लगेच होतं. पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेली केर्स्टीन ताठ झाली. मी मनात म्हटलं, आता दुसऱ्यांदा म्हणणार. गेलं सगळं. माझा हात पळी शोधू लागला. पण ते तोंडच उघडत नव्हते. ते बघत होते. दुसऱ्या रांगेत, त्या रिकाम्या खुर्चीकडे.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. इंग्लंडहून कुणीही येणार नव्हतं.

मी निघालो. अंधारात, भर प्रयोगात. "एंटशुल्डिगुंग, एंटशुल्डिगुंग," अशी माफी मागत एका बाईच्या पर्सवर पाय दिला, एका आजोबांचा गुडघा तुडवला, कुणीतरी चक् केलं, मी त्यालाही डांके म्हणालो. आणि त्या कागदाला पाठ टेकून धपकन बसलो.

साहेबांनी मला पाहिलं. एक श्वास घेतला आणि पुढचं भाषण सुरू केलं, असं की माझ्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. मी कांद्याशिवाय रडलो.

टाळ्या थांबेनात. शेजारच्या बाई, त्यांची मुलगी नाटकात होती, माझ्याकडे वळल्या. "कप्तान तुमचे वडील का?"

एरवी मी सगळं सांगत बसलो असतो. मी स्वयंपाकी, ते वरच्या मजल्यावर राहतात, व्हिसा अमुक तारखेपर्यंत आहे. तोंड उघडलंही होतं. पण मी नुसती मान डोलावली.

बाईंनी माझे रिकामे हात पाहिले आणि आपल्या गुच्छातलं एक फूल काढून माझ्याकडे दिलं. "मग आत असंच जायचं नसतं."

आत आरशासमोर साहेब तोंडावरचा रंग पुसत बसले होते. अर्धा चेहरा कप्तानाचा, अर्धा त्यांचा. फूल घेतलं, पाण्याच्या पेल्यात ठेवलं. कामाबद्दल कसं झालं, काय झालं, एक शब्द विचारला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

जर्मनीत आल्यापासून हे मी सगळ्यांना विचारत आलो होतो. मी नाही म्हणालो. त्यांनी कोट उचलला, आणि आम्ही जेवायला गेलो.